आचलची साक्ष

"याच्या पुढचं माह्यं नाई," आचल म्हणाली आणि साक्ष देता देता मध्येच थांबली.

अकोल्यातल्या त्या चर्चच्या मागच्या खोलीत पाळकसाहेब होते, खुशालराव पंच होते आणि दाराजवळच्या खुर्चीवर आचलची आई नीलम. उद्या रविवारी बाप्तिस्मा. या मंडळीत तान्ह्या लेकराला नुसतं देवाला अर्पण करतात. बाप्तिस्मा जाणत्या वयात, आपल्या तोंडाने विश्वास सांगून घ्यायचा. चौदा वर्षांची आचल तेच सांगायला आली होती. काय सांगायचं ते मात्र नीलमने कागदावर लिहून दिलं होतं आणि आठ दिवस घोकून घेतलं होतं. वीस वर्षं दवाखान्यात सिस्टर असलेल्या या बाईला कुठलंच काम नशिबावर सोडायची सवय नव्हती.

पुढचं तुझं नाही म्हणजे काय, असं पाळकसाहेबांनी शांतपणे विचारलं.

"नऊ वर्षांची होती तवा मले ताप आला होता, हे खरं हाये. पण रातभर प्रार्थना आईनं केली. मी तं झोपली होती. येशू आईले भेटला. मले अजून त्याच्याशी बोलाचं हाये."

नीलमच्या अंगाचा तिळपापड झाला. वलगावहून भाऊ यायचा होता, पांढरा ड्रेस शिवून तयार होता, अख्ख्या गल्लीला आमंत्रण गेलं होतं. खुशालरावांनी सावरून घेतलं. पोरगी घाबरली आहे, वचनं तर तिला तोंडपाठ आहेत, संडे स्कूलचं बक्षीस दरवर्षी तीच नेते. राहू द्या उद्याच्या यादीत नाव. पाळकसाहेबांनी नीलमकडे पाहिलं. तिने होकार दिला असता तर आचल उद्या मुकाट्याने बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरली असती, हे नीलमला पक्कं ठाऊक होतं. पण देवासमोर खोटं बोलायला कचरणारी पोर आपणच वाढवली, मग आता रड कशाची, असं तिने स्वतःलाच खडसावलं.

"काढा नाव, पाळकसाहेब," ती म्हणाली. "तिचं तिले सांगता येईन, तवाच लिहा."

स्कूटीवर मागे बसलेल्या आचलने, तू रागावली का, म्हणून विचारलं. नीलमने सरळ सांगितलं, की हो, लय रागावली. मग सिग्नलला थांबल्यावर हात मागे नेऊन तिने चाकाकडे लोंबणारी पोरीची ओढणी वर खोचली.

रविवारी दोघी चर्चमध्ये पुढून दुसऱ्याच रांगेत बसल्या. पोरीला बरं नाही का, असं शेजारी बसलेल्या वच्छलाबाईंनी कुजबुजत विचारलं.

"ठणठणीत हाये," नीलम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तिची देवाशी बोलणी चालू हायेत."

संध्याकाळी ती नेहमीसारखी आचलच्या खोलीत गेली. पोर दोन वर्षांची होती तेव्हापासून ती रोज पलंगाच्या कडेला बसून तिची प्रार्थना ऐकायची, अडली की शब्द पुरवायची. आज आचल तिची वाट न पाहता खिडकीशी बसली होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, आवाज नव्हता. नीलमने कान देऊन पाहिलं. एक शब्द कळेना. तिला भडभडून आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिचं तिथे काही काम नव्हतं.

तिने हळूच दार ओढून घेतलं आणि आत कुणी जाऊ नये म्हणून बाहेरच उभी राहिली.