चार आण्यांचं गुलाबी कार्ड

"एका माणसापायी शंभर कार्डं?" गुंडूनं विचारलं.

"एक छापलं काय आन शंभर छापली काय, खिळे जुळवायची मेहनत तेवढीच," गौस म्हणाला. "पैसं तेवढंच पडणार. शंभर ने की."

गुंडूचा शिवाजी पेठेत दूधकट्टा होता. संध्याकाळी म्हशी उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकासमोर गिलासात धार काढून द्यायची. दर ऐंशी पैसे. पण गावातले सुटे पैसे कुठं गेले देव जाणे. रुपया घेऊन गुंडू वरच्या पैशांच्या पेपरमिंटच्या गोळ्या देऊ लागला. तालमीतले पैलवान जोर मारताना पेपरमिंटचा वास सोडू लागले, तेव्हा बायको बाळाबाई म्हणाली, "अवो, आता कार्डं काढा."

गौसच्या छापखान्यात दोन नमुने होते. हिरवं घेणाऱ्यानं महिन्याचे पैसे आधी भरायचे, मग रोज कार्डाला एक भोक. गुलाबीवाल्यानं आधी दूध प्यायचं, रोज एक फुली, पैसे महिनाअखेर.

"हिरवं घे," गौस म्हणाला. "गुलाबी दिलंस तर पैलवान म्हैनाभर पितील आन तीस तारखेला कुस्त्यास्नी जातील. कुस्ती पंधरा दीस चालंल."

गुंडूलाही हिरवंच पटलं होतं. अडचण तालमीतल्या म्हाताऱ्या अल्लाउद्दीन वस्तादांची होती.

सहा वर्षांपूर्वी दूध चार आण्यांवरून चढलं, त्याच दिवशी वस्तादांची बायको चाँदबी वारली. गुंडू म्हणाला, चाळिसावा होऊ दे, मग सांगू. मग ईद आली. मग म्हैस व्याली. नंतर दर आणखी चढला, पण सांगायला चांगला दिवस काही निघेना. वस्तादांनी संध्याकाळची चूल पेटवणं सोडलं होतं. तो एक गिलास हेच त्यांचं जेवण. ते रोज चार आणे कट्ट्यावर ठेवत, वर विचारत, "पानी घालतोस व्हय रं?" तेव्हा बाकीची गिऱ्हाइकं भिंतीकडे बघत दूध पीत.

"त्यास्नी कार्डच देऊ नगं," गौसनं सुचवलं.

"समद्यास्नी देऊन त्यास्नीच न्हाय? दुसऱ्या दिशी यायचं न्हाईत. आन हिरवं दिलं तर एकदम म्हैन्याचं कुठनं भरतील? जमत न्हाय असं तोंडानं म्हणायचं न्हाईत. उपाशी बसतील."

"मग?"

"समद्यास्नी गुलाबी. वस्तादांच्या कार्डावर फकस्त दर चार आणे छाप."

"बुडशील, गुंड्या."

"म्हशीवाल्याला कसली भीती? म्हशी पवत्यात."

गौसनं गठ्ठा बांधून दिला. महिन्याला एक या हिशेबानं आठ वर्षांची बेगमी झाली. "वस्तादास्नी सांग," तो म्हणाला, "माल शिल्लक ठेवायचा न्हाय."

संध्याकाळी वस्तादांनी कार्ड सदऱ्याच्या खिशात असं खोचलं, की निम्मं बाहेर दिसावं. शेजारी नेसरीहून नुकताच तालमीत आलेला पिराजी बसला होता. त्याला कुणीच काही सांगून ठेवलं नव्हतं.

"बघू पैलवान, तुझं कसलं हाय?"

पिराजीनं कार्ड दिलं. वस्तादांनी दोन्ही कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवली.

"अवो वस्ताद, दूध निवतंय," बाळाबाई घाईनं म्हणाली.

गुंडूचा हात सडावरच थांबला. धार का थांबली म्हणून म्हशीनंही मान वळवून बघितलं.

वस्तादांनी आधी एकावरचा दर वाचला, नंतर दुसऱ्यावरचा. मग त्यांनी पिराजीचं कार्ड परत दिलं, आपलं उचललं आणि खिशात पार आत सरकवलं.

"गौसची छपाई चांगली हाय," ते म्हणाले.

दूध मात्र ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. पाण्याचं विचारलं नाही. उठून गेले.

"आता म्हातारा येत न्हाय," बाळाबाई म्हणाली. गुंडूनं वैरण उचलली आणि शेजाऱ्याच्या म्हशीपुढे टाकून आला.

दुसऱ्या दिवशी तो धारेच्या आधी कट्ट्यावर पोचला, तर वस्ताद तिथंच. सदरा खुंटीला, लुंगी खोचलेली. कुस्ती झाल्यावर पठ्ठ्याचं अंग रगडतात तसं दोन्ही तळव्यांनी म्हशीची पाठ रगडत होते. म्हशीनं डोळे मिटले होते.

"मागचं पाय लई आखडल्यात हिचं," मान वर न करता ते म्हणाले. "रोज बघाय पायजे कुणीतरी."

"व्हय, वस्ताद," गुंडू म्हणाला, आणि पाण्याची बादली त्यांच्या हाताजवळ ठेवली.