मी स्टूल आहे हो, देव नाही!

मी एक स्टूल बोलतोय. तीन पाय, बुटकी उंची, साधं लाकूड. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण या घरात सध्या माझ्याविषयी भलतेच गैरसमज पसरलेत.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानातला. मोठं कपाट करून उरलेली फळी, "फुकट कशाला घालवायची?" म्हणत त्यानं मला ठोकून तयार केलं आणि शेजारी कपडे शिवणाऱ्या बाईंना देऊन टाकलं. म्हणजे माझं कूळ हे असं, उरलंसुरलं.

बाईंनी मला शिलाई मशीनजवळ ठेवलं आणि त्यांची मुलगी माझ्यावर बसू लागली. तिला सगळे बारकी म्हणत. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि दारातूनच सुरू व्हायची. कुणी ढकललं, कुणी चिडवलं, कुणी पेन्सिल मोडली. आई म्हणायची, "बस आधी, मग बोल." बारकी बसायची. आई तिच्या मांडीवर कच्ची शिलाई घातलेला कपडा टाकायची. पोरगी दोरे उसवत बोलायची आणि आई मशीन चालवता चालवता "हं, मग?" म्हणायची. बारकी रडत आलेली असली, तरी एक बाही उसवून होईपर्यंत हसायला लागायची. माझं काम तिला आईच्या कोपराजवळ बसवायचं, तेवढंच. ते मी चोख केलं.

वर्षं गेली. बारकी मोठी झाली, स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत ध्यानाचे वर्ग घेऊ लागली. आईच्या गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा तिनं आईला आपल्याकडे आणलं. मशीन भंगारात गेलं, मी मात्र आलो. मला कवटाळून बारकी ढसाढसा रडली. "माझं सगळं बालपण यावर गेलंय!" म्हणाली. मीही विरघळलो. वाटलं, चला, पुन्हा मायलेकींच्या जवळ जागा मिळणार. कसलं काय!

तिनं मला तासून, पॉलिश करून वर्गाच्या खोलीत वीतभर उंच चौथऱ्यावर चढवलं. वर दिवा सोडला. रोज सकाळी दहा-बारा माणसं माझ्यासमोर डोळे मिटून बसतात. "या आसनानं माझं सगळं ऐकून घेतलं," असं ती त्यांना सांगते. अगं, मी लाकूड! "हं, मग?" कोण म्हणत होतं? तुझी आई ना?

त्यावर कडी म्हणजे, मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'बस आधी, मग बोल.' आणि माझ्यासमोर पाटी, 'कृपया बसू नये.' आता काय बोलणार, कपाळ!

आई पलीकडच्या खोलीत असते. दिवसातून दोन-तीनदा दाराशी येते. "बारके, दहा मिनिटं येतेस का गं? एक सांगायचं होतं."

"आई, आत्ता नको ना. मन जरा स्थिर झालंय."

एका दुपारी खोलीत कुणी नव्हतं. आई भिंतीला धरत आत आली आणि माझ्यावर हात टेकून हळूच म्हणाली, "हल्ली नावं आठवत नाहीत रे मला. परवा सख्ख्या बहिणीचं आठवेना. घाबरले मी. बारकीला सांगायचंय, पण ती बसतच नाही." मग दमून माझ्यावरच टेकली. कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्यावर बसलं होतं. जीव भांड्यात पडला माझा.

तेवढ्यात बारकी आली. "आई! ऊठ, ऊठ! पॉलिश जाईल ना!"

"बसले होते जरा," आई म्हणाली आणि उठून गेली. सांगायचं ते राहूनच गेलं.

बारकी काही दगडाच्या काळजाची नाही. तिला लागलं. संध्याकाळी तिनं आईसाठी मऊ गादीची भारी खुर्ची आणली. आणि माझ्यावर काय ठेवलं? आईचा फोटो! चौकटीत बसवलेला, तरुणपणीचा. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाली, "ही माझी खरी गुरू."

एका निवृत्त पोस्टमननं हात जोडले. "कधी गेल्या हो?"

"गेल्या? छे! पलीकडच्या खोलीत आहे ती."

सगळ्यांनी डोळे उघडले. कुणाला कुठं बघावं कळेना. बारकीचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता उठेल, आता जाईल. तर म्हणाली, "डोळे मिटा."

असा संताप आला! पण तिन्ही पायांतला एकही आपटता येत नाही मला.

बारके, ऐक. तुला माझ्यात जे सापडलं ते खोटं नाही, पण ते माझं नाही. तो फोटो काढ, मला खाली उतरव, आईच्या खुर्चीला खेटून ठेव आणि बस माझ्यावर. पॉलिश गेलं खड्ड्यात! तिला काय सांगायचंय ते मला ठाऊक आहे, पण मला तोंड नाही. आणि घाई कर, बाई. काल तू डोळे मिटून बसली होतीस, तेव्हा ती दाराशी आली होती. तुला हाक मारायला तिनं तोंड उघडलं, बराच वेळ तशीच उभी राहिली, आणि हाक न मारताच परत गेली. ती तुझं नाव शोधत होती.