निळे आबासाहेब

अंकितानं रिमोटचं बटण पुन्हा दाबलं, तसे टीव्हीवरचे आबासाहेब टोमॅटोसारखे लाल झाले. आणखी एकदा दाबलं, तर राख फासल्यासारखे दिसायला लागले. फोटो तोच होता. डोक्याला पांढरा फेटा, शेजारी बैलजोडी, मागं ज्वारीचं शिवार. ती महिपतीकाकांच्या दिवाणखान्यात टीव्हीसमोर गुडघे टेकून बसली होती, आणि शाळेचं दप्तर अजून पाठीवरच होतं.

"काका, चूक तुमच्या टीव्हीची आहे. दुकानात उठून दिसावा म्हणून भडक रंग लावून देतात आणि घरी आणल्यावर कुणी ते बदलतच नाही. थांबा की जरा. हे घ्या, साधं केलं. आता बघा."

महिपतीकाकांनी बघितलं नाही. त्यांनी आईकडं बघितलं. बजाबाई मंद्रूपहून लेकाकडं चार दिवस राहायला आल्या होत्या. त्या पदर सावरून टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या आणि नवऱ्याचा चेहरा न्याहाळत राहिल्या.

"निळंच हाय गं," त्या म्हणाल्या. "साप चावल्यागत. एकसष्टीला माणसाचं असलं तोंड दावत्यात व्हय?"

अंकिताला हसू आलं, पण दुसरं कुणीच हसत नव्हतं.

"हे बघ पोरी," महिपतीकाका म्हणाले, "रविवारी मंद्रूपला सगळं गाव जमणार. आईनं आधीच धसका घेतलाय. तुझ्या वडिलांनी माझ्या लग्नाचे फोटो काढलेत, म्हणून मी दुसऱ्या कुणाकडं गेलो नाही. पण शनिवारपर्यंत हे नीट झालं नाही तर जावं लागंल. त्यांना राग येऊ देऊ नकोस."

"नीट झालेलंच आहे, काका. फक्त फोटो दाखवायचे पडदे नीट करायचेत. ते मी करते!"

सायकल दामटत ती जुळे सोलापुरातून बाळीवेशीपर्यंत आली, पण डोक्यातलं चाक काही थांबेना. शिवानंद फोटो स्टुडिओच्या रंगाला नावं ठेवतात? तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या फोटोत लाल म्हणजे लाल आणि हळद म्हणजे हळद, असं लोक आपापल्या सुनांना सांगायचे. आबासाहेबांचे जुने फोटो पेटीत पडून पिवळे पडले होते. अप्पांनी एकेक स्कॅन करून, दिवसदिवस बसून, त्यांतला पिवळेपणा काढला होता. स्लाइड शो जोडायचं काम तेवढं अंकिताचं. दहावीत असली तरी संगीत, फोटोंचा क्रम, एकातून दुसरा फोटो उमलणं, हे सगळं तिनंच ठरवलं होतं आणि त्यावर ती भलतीच खूश होती. अप्पांच्या रंगांकडं मात्र तिनं कधी वेगळं म्हणून बघितलंच नव्हतं. सूर्य पिवळा आहे का, हे कोण तपासत बसतं?

पुढचे दोन दिवस तिच्या पायाला भिंगरी लागली होती. खिशात पेन ड्राइव्ह, की निघाली. मावशीच्या टीव्हीवर आबासाहेब रुंद होऊन बसले होते. तिनं फोटोंचा आकार पडद्याच्या मापात बसवला. मैत्रिणीच्या घरचा टीव्ही खोलीतला उजेड बघून आपणहून अंधारायचा. तिनं ते बंद केलं. मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाईंना गळ घालून तिनं वर्गातल्या प्रोजेक्टरवरही फोटो लावून बघितले. तिथं फेटा आणि भिंत एकच झाली, म्हणून खिडक्यांवर चार्ट पेपर चिकटवले. वर्गातली पोरं ओरडली, "ए अंके, तुझे आजोबा निळे का गं?"

"आजोबा माझे नाहीत, आणि डोळे तुमचे धड नाहीत!"

मग ती अतीकभाईंकडं गेली. मंडपातला मोठा एलईडी पडदा तेच भाड्यानं द्यायचे. तिनं उजेड कमी करा, तांबडा वाढवा, असं काय काय सांगितलं आणि त्यांनी ते सगळं केलं. मग कमरेवर हात ठेवून ते पडद्याकडं बघत राहिले.

"मेरे पडदे को दोष नक्को देव बेटा," ते म्हणाले. "तू जो देगी, वोच दिखाएगा."

शुक्रवारी संध्याकाळी, शाळेच्या गणवेशातच, ती स्टुडिओचा जिना धावत चढली. सगळे पडदे वठणीवर आले होते! मोबाइल, मावशीचा टीव्ही, प्रोजेक्टर, अतीकभाईंची भिंतीएवढी चौकट, सगळीकडं आता एकच चित्र दिसत होतं. पण सगळीकडं दिसणारं ते एकच चित्र निळं होतं.

अप्पा खिडकीचा पडदा ओढून लॅपटॉपसमोर बसले होते. पन्नाशी ओलांडल्यापासून उजेड त्यांना टोचायचा. एका हाताची सावली डोळ्यांवर धरून ते दुसऱ्या हातानं आबासाहेबांच्या फोटोवर काम करत होते.

"अप्पा, महिपतीकाका म्हणतात की..."

"कळलं. त्यांचा फोन आला होता. अजून पिवळेपणा राहिलाय, म्हणून त्यांना खटकतंय. काढायलोय की." त्यांनी माउस आणखी थोडा सरकवला. आबासाहेबांच्या गालावर निळाई चढली. "हां. आता बघ, कसं दुधासारखं झालं."

अप्पा वळले, तिच्याकडं बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"ही ओढणी काय गं? किती पिवळी पडलीय. आईला म्हणावं, धुताना नीळ घालत जा. पोरगी शाळेला जाते."

गणवेशाची पांढरी ओढणी नवी होती. सोमवारीच घडी मोडली होती. आज शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, लख्ख दिसतेस.

अंकिता लॅपटॉपजवळ गेली आणि ओढणीचं टोक त्याच्या पडद्याला लावून उभी राहिली, उगीच, काही झटकत असल्यासारखी. टोकाच्या शेजारी आबासाहेबांचा फेटा होता. तो आभाळासारखा निळा होता.

"काय करायलीस?"

"काही नाही. धूळ होती."

तेवढ्यात खालून कुणीतरी पासपोर्ट फोटोसाठी हाक मारली. अप्पा उठले. जिना उतरताना त्यांनी एक हात भिंतीला टेकवला होता. हे ते कधीपासून करत होते?

अंकिता त्यांच्या खुर्चीत बसली. सांगावं? कसं सांगणार? अप्पा, तुमच्या रंगावर लोक हसायलेत, असं? की गप्प बसावं आणि भर मांडवात बजाबाईंना तोंड फिरवू द्यावं? तिनं अप्पांच्या फोटोंची एक प्रत आधी बाजूला जपून ठेवली. मग तिनं निळा रंग मागं घ्यायला सुरुवात केली. फेटा पांढरा झाला. गालांवर माती आली, ऊन आलं. तिनं घाईघाईनं एकेक फोटो तसा केला, आणि जिन्यावर पावलं वाजली तेव्हा पेन ड्राइव्ह तिच्या मुठीत होता.

शनिवारी महिपतीकाकांनी नवे फोटो घरच्या टीव्हीवर बघितले आणि "झकास" एवढंच म्हणाले. अप्पांना वाटलं, आपल्या शेवटच्या हातानं काम झालं. अंकितानं त्यांना तसं वाटू दिलं.

रविवारी सकाळी मंद्रूपला पांढऱ्या कापडाचा मंडप गच्च भरला होता. आबासाहेब खुर्चीत अवघडून बसले होते, बजाबाई त्यांच्या शेजारी. कडेला, लॅपटॉपच्या टेबलाशी, अंकिता आणि अप्पा. अतीकभाईंनी मान हलवली, तिनं बटण दाबलं.

पहिल्याच फोटोला अप्पा पुढं झुकले.

"अंके, हे माझे रंग न्हाईत."

ती पडद्याकडंच बघत राहिली.

"पिवळं दिसायलंय सगळं. कुणी हात लावला?"

"मी," ती म्हणाली.

शो थांबवायला अप्पांचा हात लॅपटॉपकडं गेला. तोच पुढून बजाबाईंचा आवाज आला, मंडपभर पोचेल असा.

"आता बगा! आता माजा मालक वाटतुया!"

मंडप हसला. कुणीतरी शिट्टी मारली. आबासाहेबांनी लाजून फेट्याला हात लावला. अतीकभाई पडद्यामागून वाकून बघत होते, त्यांनी अंगठा वर केला. अप्पांचा हात लॅपटॉपच्या वर तसाच राहिला. त्यांनी मागं वळून लोकांचे चेहरे बघितले, एकेक, सावकाश. कुणालाच काही खटकलेलं नव्हतं.

हात खाली आला.

"अंके," ते हळूच म्हणाले. "मंडपाचं कापड कसलं आहे?"

"पांढरं, अप्पा."

"आणि आबासाहेबांचा फेटा? त्यांच्या डोक्यावरचा."

"पांढरा."

त्यांनी वर, कापडाकडं बघितलं. "मला वाटलं," ते म्हणाले, "हल्ली कुणी कपडे नीट धूतच नाहीत."

अंकिताला त्यांचा हात धरावासा वाटला, पण तिचा हात माउसवर होता. फोटो बदलला. लग्नातल्या बजाबाई, मुंडावळ्या बांधलेल्या, मान खाली. मंडपात बायकांचा गलका उठला. अप्पांनी आपली खुर्ची तिच्या खुर्चीला लागेल इतकी जवळ ओढली.

"शालू कुठल्या रंगाचा आलाय?"

"लाल."

"कसला लाल?"

एवढं तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. ती पडद्याकडं नीट बघायला लागली. कुंकू नाही, डाळिंब नाही, त्याच्याहून दाट.

"वाळत घातलेल्या मिरचीसारखा," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीच्या. अजून ओली असते ना, तशी."

अप्पांनी डोळे मिटले. मग त्यांनी मान हलवली.

"रंग बरोबर काढलास," ते म्हणाले.