उरलेले तीन ड्रायव्हर

रविवारी सकाळी नऊला पाच कमी असताना त्यांनी बिनचूक चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या हाताने चूक घातली. यादीचे चार-चारांचे तुकडे पाडायचे आणि शेवटी उरलेले मोजायचेच नाहीत, एवढाच बदल. चालवून पाहिलं. तेवीस ड्रायव्हर, चौघांच्या पाच तुकड्या, आणि शिट्टी, लंबू, धाकटे मामा अशा टोपणनावांचे उरलेले तिघं गायब. मनासारखं बिघडलं होतं.

बस डेपोत एकतीस वर्षं ड्रायव्हरांच्या पाळ्या लावलेला माणूस. तिघं उरले तर त्यांची वेगळी ओळ करायची, हे ते झोपेतही चुकले नसते. प्रोग्रॅमिंगचा नाद लेकीने लावला, तिकडे परगावी बसून, आणि तिने दिलेला हा धडा त्यांना सोमवारी दुपारीच जमला होता. पण जमलं की तिचा रविवारचा फोन चार मिनिटांत आटपे. "छान. गोळ्या घेताय ना? ठेवते मग." अडलं, की मात्र पाऊण तास बोले. बायको गेल्यापासून घरात आवाज करणारं दुसरं होतं कोण? एक फ्रीज, तोही अधूनमधून.

नऊला फोन वाजला.

"बाबा, जमलं का?"

"कसलं जमतंय. तिघं गळतात बघ. डोकंच चालेनासं झालंय."

तिने तिकडे फाइल उघडली. ती दोघांनाही आपापल्या कॉम्प्युटरवर दिसे.

"हं. अवघड दिसतंय," ती म्हणाली. "हा शिट्टी कोण हो?"

"अगं, स्टेअरिंगवर बसला की शिट्टी वाजवायचा. साहेबांनी त्याबद्दल मेमो दिला, तर मेमो वाचतानाही वाजवत होता."

ती हसली. मग लंबूचं निघालं, धाकट्या मामांचं निघालं. तिनेही आपल्या ऑफिसातल्या एका लंबूची गंमत सांगितली. प्रोग्रॅम राहिला बाजूला. पावणेदहाला "पुढच्या रविवारी बघू हं" म्हणून तिने फोन ठेवला.

स्वारी खुशीत चूक काढायला बसली. बोट भलतीकडे पडलं आणि फाइलचे जुने बदल बाजूला उघडले, कुणी, कधी, काय केलं त्यासकट. असलं काही असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

सोमवार दुपार, त्यांचा बरोबर आलेला प्रोग्रॅम. मंगळवार, एक वाजून दहा मिनिटं, लेकीने खाली लिहिलेलं, 'बाबा, तिघंही आले! शाबास.' दोन मिनिटांनी तिनेच ते पुसलेलं. रविवार, आठ पंचावन्न, त्यांची चूक.

त्यांचे कान तापले. शेजारी कुणी नसतानाही त्यांनी चष्मा काढून तोंड फिरवलं. इतकी वर्षं लोकांच्या खोट्या रजा पकडल्या, आणि आता ही तऱ्हा. मग, सगळं माहीत असूनही ती म्हणालेलं ते "अवघड दिसतंय" आठवलं. त्यापाठोपाठ लगेच विचारलेला शिट्टीही आठवला, आणि डोळे भरून आले.

त्यांनी चूक काढली. चौघांच्या पाच ओळी आल्या, आणि खाली तिघांची एक.

बुधवारी, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी आपणहून नंबर लावला. पोरीच्या कामात व्यत्यय नको म्हणून आजवर त्यांनी असा फोन कधी केला नव्हता.

"बाबा? काय झालं? काय अडलं?"

"काही नाही. सगळं चालतंय. करमेना, म्हणून केला."

तिकडे दार लागल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा.

"बोला," ती म्हणाली. "पाऊण तास आहे माझ्याकडे."