माश्यांनी नाकारलेली चौकट

मित्रांनो, मी मधपेटीतली एक जुनी लाकडी चौकट आहे. आठ हंगाम मी माश्यांचे पोळे अंगावर वागवले आणि नवव्या हंगामात माश्यांनी माझ्याकडे चक्क पाठ फिरवली. तो धक्का मला अजून पचलेला नाही. गोड गोड सांगायची माझी इच्छाही नाही. घडले ते तसेच सांगते.

एका सुताराने चार पट्ट्या तासून, कोपऱ्यांत खिळे ठोकून मला तयार केले. माझ्या पोटात दर हंगामाला मेणाचा पातळ पत्रा बसवत. त्याला मेणपत्रा म्हणतात. त्यावर सहा कोनांच्या घरांचे ठसे असतात. माश्या त्या ठशांवर आपल्या मेणाच्या भिंती चढवतात. मग त्या घरांत राणी अंडी घालते, मध साठतो. ठसा तेवढा माणसाचा, राबणे सगळे माश्यांचे. तरी माणसे 'आमचा मध' म्हणतात, ते सोडा.

माझी मालकीण शाळेची बस चालवते. गच्चीवर तिच्या चार पेट्या होत्या. मला उन्हात धरून ती म्हणायची, "ही माझी थोरली. हिच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावा." मी फुगून जायची. दमट हवेत लाकूड तसेही फुगते, पण हे फुगणे वेगळे.

मग तिचा पाय मोडला. तीन महिने प्लास्टर. घरात धडधाकट माणसे होती, पण गच्चीचा जिना कोणीही चढले नाही. पेट्यांत मेणकिडा शिरला. अळ्यांनी माझ्या पोटातले मेण खाऊन तिथे जाळी विणली. चारही पेट्यांतल्या माश्या उठून गेल्या. 'आज बघू, उद्या बघू' म्हणणाऱ्या घरात लाकडाने करायचे तरी काय?

यंदा बस आगाराच्या भिंतीला माश्यांचा एक थवा लटकला. मालकिणीने तो खोक्यात भरून आणला. उडून आलेल्या थव्याजवळ पोळे नसते. आठवडाभरात घरे बांधली नाहीत तर राणीने अंडी घालायची कुठे? मग अख्खा थवा निघून जातो.

"ह्या टिकल्या तर मी पुन्हा सुरुवात करेन," मालकीण म्हणाली. "गेल्या तर पेट्या फोडून बंबात घाला." बंबात म्हणजे मीही. समजले ना?

तिचा दीर वायरमन. त्याने मेणाऐवजी प्लॅस्टिकचे पत्रे आणले. "वहिनी, ह्याला किडा लागत नाही. जन्माचं काम झालं." दुसऱ्या दिवशी त्यानेच ते आमच्यात बसवले. दहा चौकटींच्या पेटीत नऊच ठेवल्या. एक कमी पडली, तर 'चालतंय' म्हणून झाकण लावले. हा 'चालतंय' शब्द ज्याने काढला त्याला माझ्यासमोर आणा.

थवा पेटीत ओतला. माश्या माझ्या अंगावर चढल्या, चार पावले चालल्या आणि उतरल्या. परत आल्या, मिशांनी चाचपले, पुन्हा उतरल्या. मी थक्क झाले. अगं बायांनो, मी थोरली! माझ्यावर आठ वर्षे पोळी वाढली! पण ऐकतेय कोण. त्या रिकाम्या जागेत, एकमेकींचे पाय धरून, झाकणालाच लोंबकळल्या. तिथेच त्यांनी पांढरेशुभ्र पोळे बांधायला घेतले. मी शेजारी उघडी ती उघडीच.

सहाव्या दिवशी मालकिणीने झाकण उचलले. झाकणाबरोबर पोळेही आले आणि मधोमध तडकले. घराघरांत अंडी दिसत होती.

"आळशी निघाल्या," दीर म्हणाला. "इतकं आयतं दिलं तरी छताला लोंबकळतायत. थांबा."

"भावोजी, हात लावू नका."

त्याने लोखंडी पट्टी घालून अर्धे पोळे खरवडून बादलीत टाकलेही. "आता झक मारत पत्र्यावर चढतील." मित्रांनो, त्या घरांत अंडी होती. मी खूप पाहिले आहे, पण इतक्या सहज पाळणाघर खरवडणारा माणूस नव्हता पाहिला.

मालकिणीने उरलेले पोळे वाचवले, बादली झाकली आणि मला बाहेर काढले. आधी बोट फिरवले. मग नाकाशी धरले. तिचा चेहरा उतरला. बाकीच्या चौकटीही उचलून ती तडक स्वयंपाकघरात आली.

"आई, हे पत्रे कोणी धुतले?"

सासूबाई हॉस्पिटलात तीस वर्षे परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या, पण हातातला साबण काही सुटला नाही.

"मीच धुतले, बसवण्याआधी. चिकट होते गं. उकळतं पाणी, साबण, काथ्या. दोरीवर वाळवून ठेवले. आधीच्या पेट्यांत कीड झाली ती अशीच, अस्वच्छतेनं."

"आई, प्लॅस्टिकवर मेणाचा हात दिलेला असतो, तो चिकटपणा त्याचा होता. त्या वासावरच माश्या चढतात. त्यांना वाटणार, हे पोळं नाहीच."

सासूबाई खुर्चीत बसल्या. "मला वाटलं, माझा हातभार लागला," एवढेच म्हणाल्या. मला राग आला होता, पण त्यांच्याकडे बघून तो कुठे ठेवावा कळेना.

"माश्यांचंच मेण वितळवून पत्र्यांना लावू," मालकीण म्हणाली. "बादलीतलं."

गॅसवर उकळत्या पाण्यात भांडे ठेवले आणि दीर गच्चीतली बादली आणून त्यात उपडी करायला निघाला. सासूबाईंनी त्याचे मनगट धरले. "एकेक तुकडा बघितल्याशिवाय काही टाकायचं नाही. कापसाचे बोळे मोजल्याशिवाय मी डॉक्टरांना टाके घालू दिले नाहीत, तू कोण?"

चष्मा लावून त्या तुकडा उचलत, दोन्ही बाजू पाहत, मग भांड्यात सोडत. सातव्या तुकड्यावर थांबल्या.

"अगं, ही लांबट कोण आहे? हिचे पंख आखूड का?"

मालकिणीच्या हातातला मेण लावायचा ब्रश खाली पडला. ती राणी होती. उकळत्या पाण्यावरच्या भांड्यापासून वीतभर अंतरावर. दिराच्या तोंडून 'चालतंय' निघाले नाही.

पुढचे सगळे भराभर झाले. वाचलेले पोळे एका चौकटीत सुती दोऱ्याने बांधले, त्यावर राणी सोडली आणि चौकट पेटीत उतरवली. तोवर वर गच्चीत माश्या राणीवाचून सैरावैरा धावत, रडल्यासारख्या घोंगावत होत्या. राणी मिळाली तसा थोड्या वेळाने तो आवाज बसला. मालकीण पातळ मेण फिरवत होती. "जाड लाव," सासूबाई म्हणाल्या, "जखमेवर कंजुषी करायची नाही." मला पोळ्याला खेटून ठेवले, दहावी चौकट शोधून जागा भरली, साखरेचा पाक ठेवला. मग मालकिणीने फर्मान काढले, "दहा दिवस कोणी झाकण उघडणार नाही. भावोजी, तुम्ही तर जिनाही चढायचा नाही."

तिसऱ्या दिवशी माझ्या अंगावर पहिली भिंत उभी राहिली. केसाएवढी बारीक. मी हललेसुद्धा नाही.

आता माझ्या दोन्ही अंगांना पोळे आहे. फक्त खालच्या कोपऱ्यात, जिथे ब्रश पोचला नाही, तिथे अंगठ्याएवढा पत्रा उघडा आहे. सासूबाई मला उन्हात धरतात आणि आधी तोच बघतात.

"आई, भरलेलं बघा ना जरा."

"भरलेलं दिसतंय मला," त्या म्हणतात आणि तरी तिथेच बघत राहतात.

मित्रांनो, ज्याला तोंड नाही त्याची सेवा करण्याआधी त्याला काय हवे ते जाणत्याला विचारा. तुमची चूक झाली तर मुक्या जिवाला आळशी म्हणू नका. आणि हातातले काही कायमचे टाकण्याआधी ते एकदा उलटून बघा. एवढेही जमत नसेल तर आम्हाला आमच्या वाटेने जाऊ द्या.

काल मालकिणीने दुसरी एक रिकामी पेटी खाली आणून घासली, उन्हात वाळवून पुन्हा गच्चीवर नेली. नवे पत्रे मात्र सासूबाईंनी स्वतःहून तिच्या हातात दिले. कोरडे, चिकट, जसे आले तसे.