दहापासून मोजणारी मीटरपट्टी

गणिताच्या खोलीतल्या कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर एकूण नऊ वस्तू आहेत. दोन गुण्ये, एक तीस-साठ अंशांचा आणि दुसरा पंचेचाळीसचा. खडू धरायची जागा सैल झालेला एक लाकडी कंपास. एक कोनमापक. पुठ्ठ्याचे तीन घन, त्यांतला एक बसलेला. एक डस्टर. आणि मी.

मित्रांनो, या नऊ जणांत लांबीने सर्वांत मोठी मीच. मी लाकडाची मीटरपट्टी, आणि आता बरीच जुनी.

मी जिथे तयार झाले तो कारखाना लांबट होता आणि तिथे रोगणाचा वास कायम असे. आधी मला रंधा मारला, मग घासून गुळगुळीत केलं, दोन हात रोगण दिलं आणि शेवटी एका जड यंत्राखाली ठेवलं. यंत्र एकदाच खाली आलं आणि माझ्या अंगावर एक हजार एक रेघा उमटल्या. हजार मिलिमीटर दाखवायला हजार रेघा पुरत नाहीत, एक जास्त लागते. ती जास्तीची रेघ म्हणजे शून्य. तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, कारण ती अगदी काठावर असते. माझ्या दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या घातल्या आणि मी शाळेत आले.

सुरुवातीची वर्षं मानाची होती. तेव्हाच्या बाई मला कोरड्या फडक्याने पुसून जागेवर ठेवत. फळ्यावर आलेख काढताना दोन्ही अक्ष माझ्याच काठाने ओढले जात. संख्यारेषा शिकवायची झाली की बाई मला आडवी धरत आणि म्हणत, "हिच्याइतकी सरळ दुसरी कोणी नाही या खोलीत." मागच्या बाकावरची मुलं त्यावर हसत, पण मला ते बोलणं आवडे.

मग बाई बदलल्या. कोणाच्या तरी लक्षात आलं, की वरच्या झरोक्याची कडी माझ्या टोकाने छान उघडते. छपरावर अडकलेला चेंडूही माझ्या टोकाने निघतो, आणि भिंतीवरची पालही हाकलता येते. कडी उघडणारं टोक नेहमी एकच असे, शून्याचं. आधी तिथली पितळेची टोपी निघाली. मग लाकूड फुटलं, कोपरा गेला, आणि आठपर्यंतचे आकडे पुसट होऊन दिसेनासे झाले. दुसरं टोक, शंभरचं, आजही शाबूत आहे.

मला फेकून दिलं नाही, कारण वर्गाने एक रीत पाडली. मोजताना वस्तूची कड माझ्या दहाच्या रेघेवर धरायची आणि आलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे. "दहावर धरा, शेवटी दहा वजा." पाढ्यासारखं ते पाठ झालं. बाक, खिडकी, वही, फळीची रुंदी, मुलं काहीही मोजत आणि उत्तर बरोबर येई. ती सगळी मोजमापं माझ्या एका लांबीच्या आतली होती. हे तेव्हा कोणाच्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

आठवीच्या वर्गात एक मुलगी होती, चाकांच्या खुर्चीतून शाळेत येणारी. खुर्ची ती इतकी जोरात पळवायची, की सगळे तिला इंजिन म्हणत, आणि ती बाकीच्यांना डबे म्हणायची. आठवीचा वर्ग अंगणाच्या पातळीतच होता. नववीचा वर्ग मात्र जुन्या इमारतीत, तीन पायऱ्या चढून व्हरांड्यात. रोज खुर्चीसकट तिला उचलायचं तर वडिलांची कंबर आधीच धरलेली. शेवटी घरात ठरलं, की सुट्टी संपून शाळा उघडायच्या आत उतरता रस्ता झाला तर ठीक. नाहीतर तिने मावशीकडे राहायचं आणि तिथल्या शाळेत जायचं.

"मावशी चांगली आहे हो," इंजिन गणिताच्या बाईंना म्हणाली, "पण ती मला अजून घास भरवते. मी नववीत आहे."

सुतारकाका लाकडी उतार करून द्यायला तयार होते. ते म्हणाले, "मापं अचूक द्या, कापायचं काम माझं." बाईंनी ते काम मुलांवरच सोपवलं. "गणित आयुष्यात कुठे लागतं, असं वर्षभर विचारत होता ना? घ्या."

मोजायला मला हातात घेतलं ते दशांशने. उत्तरातलं दशांश चिन्ह द्यायला हमखास विसरणारा हा उंच मुलगा. त्याचं खरं नाव आता फक्त हजेरीलाच ऐकू येतं.

बाईंनी नियम सांगितला होता: एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर पाया हवा, त्याहून उभा उतार खुर्चीला धोक्याचा. तीन पायऱ्यांची उंची पंचेचाळीस भरली. पंचेचाळीस गुणिले बारा, म्हणजे पाया पाचशे चाळीस. उतार जिथे संपतो तिथे खुर्ची वळवायला आणखी दीडशे. एकूण सहाशे नव्वद. आणि व्हरांड्यापासून समोरच्या कुंपणाच्या भिंतीपर्यंत जागा किती? दशांशने मला सात वेळा पूर्ण ठेवलं, आठव्या वेळी भिंतीशी चाळीसचा आकडा आला. सातशे चाळीस, शेवटी दहा वजा, सातशे तीस. जागा उरते आहे! बाईंनी सगळे गुणाकार तपासले, पायथागोरसने फळीची तिरपी लांबीही काढली, पाचशे बेचाळीसला किंचित कमी, आणि आकडे सुतारकाकांना कळवले.

दुसऱ्या दिवशी इंजिन आपला भावी रस्ता बघायला आली. स्वस्थ बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने माझ्याकडून खुर्चीच्या मोठ्या चाकाचा व्यास मोजून घेतला. आकडा सत्तर, वजा दहा, साठ. मग चाकावर खडूने एक खूण केली, व्हरांड्याच्या कोपऱ्यालगत ती खूण जमिनीला टेकवली आणि सरळ निघाली. कुंपणाच्या भिंतीत बाजूला फाटक आहे. फाटकातून चाक भिंतीच्या रेषेत आलं तिथे ती थांबली.

"साडेतीन," ती म्हणाली.

"काय साडेतीन?" दशांशने विचारलं.

"फेरे. साठला पायने गुणलं की एकशे अठ्ठ्याऐंशी आणि वर थोडं. त्याच्या साडेतीनपट सहाशे एकोणसाठ. तू सातशे तीस कुठून आणलेस?"

"पट्टीने आणले. तुझं चाक घसरलं असेल."

"सत्तर सेंटिमीटर घसरलं आणि मला कळलं नाही? मी वरच बसले होते ना रे!"

"मग गुणाकार चुकला असेल."

"हे कोण बोलतंय बघा, बाई!"

बाई बाहेर आल्या. दोघांचे आकडे ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "भांडून लांबी बदलत नाही. पुन्हा मोज. आणि तू बघ."

दशांशने माझी दहाची रेघ व्हरांड्याच्या कडेवर ठेवली, शंभरच्या टोकाशी जमिनीवर खडूने रेघ मारली, मला उचललं आणि दहाची रेघ त्या खडूवर ठेवली.

"थांब," इंजिन म्हणाली. "पहिल्या खडूपर्यंत किती झालं?"

"शंभर."

"दहापासून शंभर."

दशांशने माझ्या दहाच्या रेघेवरून शंभरपर्यंत बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "नव्वद. म्हणजे दर वेळी नव्वद. अरे देवा."

बाई तिथेच खाली बसल्या आणि फरशीवर लिहू लागल्या. पट्टी जितक्या वेळा पूर्ण ठेवली तो आकडा क्ष मानला, तर खरी लांबी नव्वद क्ष, अधिक शेवटचा आकडा, वजा दहा. क्षच्या जागी सात घातले. सहाशे तीस, अधिक तीस, सहाशे साठ. चाकाशी एका सेंटिमीटरच्या आत जुळलं. "मी गुणाकार तपासले," बाई म्हणाल्या, "मोजणी तपासली नाही." वर्षानुवर्षं शेवटी एकदाच दहा वजा करून भागत होतं, कारण मला एकदाच ठेवावं लागत होतं.

सहाशे साठातून पाचशे चाळीस गेले, उरले एकशे वीस. वळायला हवे होते दीडशे. तिथे खुर्ची उतारावरून खाली येणार आणि भिंतीसमोर अडकणार.

बाईंनी सुतारकाकांना फोन लावला. वाजत राहिला. "करवत चालू असणार, त्यांना ऐकू जाणार नाही," त्या म्हणाल्या. इंजिन पुढे सुटली, मागे मला काखेत मारून दशांश, आणि त्याच्या मागे चप्पल सावरत बाई. दोन वळणं आणि पिठाची गिरणी ओलांडून आम्ही सुतारकाकांच्या दुकानात पोचलो.

दुकानात पाऊल बुडेल इतका भुसा होता आणि करवत नुकतीच थांबली होती.

"या, या! मुहूर्तावर आलात," काका म्हणाले. "झाल्या की दोन्ही बाजू कापून."

दोन लांब पाचरी भिंतीला टेकून उभ्या होत्या. एका टोकाला पंचेचाळीस उंच, आणि दुसऱ्या टोकाला निमुळत्या होत शून्य. दशांशने चूक सांगितली. सगळी, न अडखळता. काकांचा चेहरा उतरला.

"एवढ्या लांबीचं लाकूड माझ्याकडे दुसरं नाही रे. मागवलं तर शाळा उघडून जाईल."

"उघडली तर मी मावशीकडे," इंजिन म्हणाली. ती नेहमीसारखं हसून म्हणाली, पण नजर पाचरीवरच होती. जरा वेळाने ती निमुळत्या टोकाशी गेली. "काका, तीस सेंटिमीटर कमी पडतंय. मग हे शेवटचे तीस कापून टाका."

"अगं, मग उतार जमिनीपर्यंत पोचेल कसा?"

"नाही पोचणार. अधांतरी राहील. किती, ते मोजू." तिने पट्टी मागितली. टोकापासून तीस सेंटिमीटरवर खूण केली आणि तिथली उंची मोजली. माझ्यावर साडेबाराची रेघ. वजा दहा, अडीच. "बारास एक तर तीसला अडीच, बरोबर. तिथे अडीच जाडीचा पाट ठेवायचा, दीडशे बाय दीडशेचा. उतार पाटावर उतरेल. पाटावर मी वळेन. आणि कापलेला तुकडा पाटाच्या बाजूला लावायचा, फाटकाकडे तोंड करून. तो अडीच उंच आहेच!"

"पाचशे दहा आणि दीडशे, सहाशे साठ," दशांश म्हणाला. "भिंतीला टेकतं अगदी."

"आणि छोट्याचा उतार मोठ्याएवढाच?" बाईंनी विचारलं. त्यांना माहीत होतं, पण सवय जात नाही.

"समरूप त्रिकोण, बाई. सुट्टी आहे हो!" इंजिन म्हणाली.

काकांनी पेन्सिल कानामागून काढली. "अडीचच्या फळ्या आहेत माझ्याकडे," ते म्हणाले आणि करवतीकडे वळले. काहीही वाया गेलं नाही.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे फार मोठी मागणी नाही. पट्टीने कड्या उघडू नका, पाली हाकलू नका. आणि झिजलेली पट्टी हाती आली तर तिच्यावर रागावू नका, तिचं मोजणं कुठून सुरू होतं ते आधी बघा. ज्या रीतीने छोटी गोष्ट बरोबर मोजली जाते, त्याच रीतीने मोठी मोजली जाईलच असं नाही. उत्तर महत्त्वाचं असेल तर ते दुसऱ्या वाटेने एकदा काढून पाहा. त्या दिवशी चाकाने माझी बाजू घेतली नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे.

शाळा उघडली त्या दिवशी उतार तयार होता. इंजिन सकाळी वर गेली ती डब्यांच्या आधी. शाळा सुटल्यावर ती खाली आली, पाटावर थांबली आणि खुर्ची फाटकाकडे वळवू लागली. वळताना खुर्चीची पाय ठेवायची फळी भिंतीच्या सर्वांत जवळ आली, तेव्हा दशांश ओरडला, "हलू नकोस!" बाई उतारावर उभ्या होत्या, काका फाटकाशी. दशांशने या वेळी मला उलटी धरली, माझं शंभरचं टोक भिंतीला टेकवलं आणि वाकून आकडा वाचला. एक्क्याऐंशी.

अंतर एकोणीस सेंटिमीटर.