सात वेळा खर्र

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि मी तुमच्या जागी असतो तर मीही ठेवला नसता. पण विलायतेच्या डॉरन व्हेलच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात गिटारच्या आधी जो आवाज येतो ना, तो माझा आहे. घशाचा नव्हे, हातांचा. पनवेलात हे सांगितलं की लोकांना अचानक कामं आठवतात. स्नेहल मात्र बसून राहिली.

स्नेहल आमच्या वरच्या मजल्यावरची, खारघरला कॉलेजात जाते. तिची आजी भामा आणि मी जासईच्या बाजूला एकाच मिठागरात राबलो. तिथे आता कंटेनर उभे आहेत. डॉरनला जाऊन चार दिवस झाले होते. सत्तरी ओलांडलेला रॉक गायक, खांद्यापर्यंत केस, गाताना मानेच्या शिरा अशा फुगायच्या की बघणाऱ्यालाच धाप लागावी. पोरगी चार दिवस धड जेवली नव्हती. रविवारी सकाळी ती आमच्या गॅलरीत येऊन बसली आणि तिच्या कानातलं पांढरं बोंडूक तिने माझ्या कानात घातलं.

खर्र. मग जरा थांबून पुन्हा खर्र. असं सात वेळा, आणि मग गिटार अंगावर येते.

हा आवाज कशाचा, ते म्हणे जगात कुणाला ठाऊक नाही. कुणी म्हणतं करवत, कुणी म्हणतं आजारी माणसाचा श्वास, एका जपान्याने तर त्यावर दोनशे पानं लिहिली आहेत. डॉरनला विचारलं की तो नुसता हसायचा. स्नेहलने पंधराव्या वर्षी त्याला पत्र लिहून हेच विचारलं होतं. उत्तर आलं नाही. त्या दिवशी चार वाजता खारघरला त्याचे चाहते जमायचे होते आणि हिला या गाण्यावर बोलायचं होतं.

"तो गेला याचं रडू येतंच, नाना," ती म्हणाली. "पण सांगून नाही गेला. आता विचारायचं कुणाला?"

असा प्रश्न कुणी माझ्यासमोर उघडा टाकतं का? मी म्हटलं, मला विचार.

मग मी सांगितलं. डॉरन गोव्याला निघाला होता, पळस्प्याला त्याच्या ड्रायव्हरने गोव्याचा रस्ता सोडून भलतीकडे गाडी घातली, आणि थेट आमच्या मिठागराच्या बांधावर येऊन ती रुतली. गळ्यात टेपरेकॉर्डर लटकवलेला तो उंच गोरा खाली उतरला. मी लांब दांड्याच्या फावड्याने मीठ ओढत होतो. तो टेप चालू करून बांधावर उकिडवा बसून ऐकत राहिला. दुपारी त्याने माझ्या डब्यातली भाकरी आणि बोंबलाची चटणी खाल्ली, तिखटाने रडला आणि माठातलं सगळं पाणी पिऊन गेला. जाताना त्याने एक सूर लावला. असा लावला की चार वाफ्यांतलं पाणी जागच्या जागी घट्ट होऊन मीठ झालं. आमचं तीन दिवसांचं काम एका दमात. मुकादम आठवडाभर माझ्याकडे संशयाने बघत होता.

सुरावर ती हसली. पण फावड्याच्या आवाजाचं तिला पटलं. तिने मोबाईल रेकॉर्डिंगला लावला आणि म्हणाली, करून दाखवा.

मी फरशीवरचं पाणी ओढायचा वायपर उलटा धरला आणि गॅलरीच्या खरबरीत लादीवरून ओढला. खर्र. सात वेळा. खोटं नाही सांगत, हुबेहूब तेच. माझ्याच अंगावर काटा आला. क्षणभर मला वाटलं, कोण जाणे, आलाही असेल. स्नेहलचे डोळे भरले होते. तिने ते रेकॉर्डिंग चाहत्यांच्या ग्रुपवर टाकायला घेतलं, हजारो माणसं होती म्हणे त्यात, देशोदेशीची. वर दोन ओळी लिहायला लागली. मला नाव विचारलं, काशिराम. गाव विचारलं. मग महिना. गाणं ऑगस्टात लंडनला रेकॉर्ड झाल्याचं कॅसेटवर छापलंय, ती म्हणाली, मग तो त्याच्या आधी आला असणार.

"जुलै," मी ठोकून दिलं. "शेवटचा आठवडा. मला पक्कं आठवतंय."

तिचं बोट स्क्रीनवर तसंच राहिलं. पाठवायचं बटण त्याच्या खालीच होतं. तिने एकदा त्या बटणाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग बोट हळूच बाजूला घेतलं, नाक पुसलं, आणि थेट भामासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"नाना, ही थाप हाय," ती आजीच्याच बोलीत म्हणाली. "जुलैत मिठागरात कमरेएवढं पाणी आसतं, आजीनं सांगितलंय. तुमी फावड्यानं काय वढत होतात, मासे?"